जुन्या मोटारीचे ब्रेक : वेळीच बघा, वेळीच बदला



गळीत हंगाम सुरू झाला की कार्यक्षेत्रातले रस्ते रात्रंदिवस जागे असतात. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या, फडावर निघालेल्या टोळ्या, काट्यावरून रिकाम्या परतणाऱ्या गाड्या, सगळे एकाच रस्त्यावर. त्याच रस्त्यावरून आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या लहान मोटारीही धावतात. कुणी मुलाला कॉलेजात सोडतो, कुणी आईला दवाखान्यात नेतो, कुणी बाजाराला जातो. या मोटारी बहुतेक सेकंडहँड घेतलेल्या. त्यांत मारुती ८०० सर्वांत जास्त. १९८३ च्या डिसेंबरात ही गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. उत्पादन थांबले तरी गाड्या काही थांबल्या नाहीत. शेतकऱ्याच्या दारात त्या अजून उभ्या आहेत आणि नीट राखल्या तर अजून चालतील.

पण "नीट राखणे" म्हणजे काय, याचा आपल्याकडे अर्थ निराळा आहे. गाडी सुरू होते ना, ॲव्हरेज देते ना, टेप वाजतो ना, मग झाले. सीट कव्हर नवे, पुढच्या काचेवर देवाचा फोटो नवा, आणि चाकातला ब्रेक पॅड मात्र कधी बदलला हे मालकालाच ठाऊक नसते. या लेखात त्या पॅडविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. त्या मला स्वतःच्या चुकीतून शिकाव्या लागल्या, म्हणून लिहितो.

माझी चूक

२०१९ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. माझ्या मारुतीला ब्रेक मारला की पुढच्या चाकातून बारीक 'चीं' आवाज येत होता. महिनाभर येत होता. मी म्हटले, धूळ बसली असेल. मग आवाज आपोआप बंद झाला आणि त्याजागी खर्रखर्र सुरू झाली. ब्रेक दाबला की गाडी थोडी डावीकडे ओढायची. घरात सांगितले, "हंगाम संपू दे, मग गॅरेजला लावू." ऊस जायचा होता, पाण्याची पाळी होती, कारण काय कमी असतात?

एका संध्याकाळी वडिलांना तालुक्याला डोळे दाखवून परत येत होतो. अंधार पडलेला. वळणावर समोर अचानक उसाची बैलगाडी. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. ब्रेक दाबला तर गाडी डावीकडे चरीच्या दिशेने निघाली. चाक उजवीकडे ओढून धरले, पाय पार खाली दाबला, आणि गाडी थांबली तेव्हा बैलगाडीबाहेर आलेली उसाची वाढी बॉनेटला टेकलेली होती. वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढेच म्हणाले, "बैलं मेली असती रं."

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. चाक काढायच्या आधी त्यांनी बाहेरून वाकून बघितले आणि म्हणाले, "पॅड हाय की अजून." मग चाक काढले, कॅलिपर उचलला आणि आतल्या बाजूचा पॅड माझ्या हातात ठेवला. नुसती लोखंडी पट्टी! मसाला नावालाही नव्हता. बाहेरचा पॅड निम्मा शिल्लक, आणि आतला संपून लोखंड लोखंडावर घासत होते. डिस्कवर नांगराचे तास पडावेत तशा रेघा पडल्या होत्या.

"अण्णा, ह्यो आवाज किती दिस झाला?"

"दीड-दोन महिने."

"मग त्यानं तुम्हांला दोन महिने हाका मारल्या. तुम्हीच वळून बघितलं न्हाई."

वेळीच गेलो असतो तर नुसत्या पॅडवर भागले असते. आता पॅडही गेले आणि त्याहून कितीतरी महाग अशा दोन डिस्कही गेल्या. बैलगाडीवान आणि त्याची बैले वाचली, हा नशिबाचा भाग. नशिबावर ब्रेक लावू नयेत, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

ब्रेक लागतो म्हणजे नेमके काय होते?

आपल्या कारखान्यात मिलच्या वरच्या रोलवर तेलाच्या दाबाने भार दिलेला असतो, आणि ट्रॅक्टरचा नांगरही हायड्रॉलिकवरच उचलला जातो. मोटारीचा ब्रेक त्याच तत्त्वावर चालतो. आपण पायाने पेडल दाबतो, त्याने मास्टर सिलिंडरमधले ब्रेक ऑइल पाइपातून चारी चाकांकडे ढकलले जाते. पुढच्या चाकात लोखंडाची एक चकती फिरत असते, ती डिस्क. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो आणि त्या दोघांना धरणारा पंजा म्हणजे कॅलिपर. तेलाच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे येतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. मागच्या चाकात डिस्क नसते. तिथे ड्रम असतो आणि आतून ब्रेक शू फाकून ड्रमला घासतात. हँडब्रेकची केबल याच मागच्या शूंना ओढते.

ब्रेक मारल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते, म्हणून थांबवण्याचे मुख्य काम पुढच्या पॅडनाच करावे लागते. साहजिकच ते लवकर झिजतात. झिजणे हा त्यांचा दोष नाही. पॅड झिजण्यासाठीच केलेला असतो. स्वतः झिजून तो डिस्क वाचवतो आणि माणूस वाचवतो.

हा मसाला कसा सुचला त्याची एक गोष्ट सांगतात. इंग्लंडातल्या डर्बीशायरच्या डोंगराळ भागात शेतकरी घोडागाडी उतारावरून नेताना लाकडी ब्रेकच्या ठोकळ्याला जुन्या बुटाचे चामडे लावीत. हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसाने ते पाहिले, आणि नुसत्या लाकडापेक्षा चांगला धरणारा पदार्थ बनवता येईल असे त्याच्या मनात आले. १८९७ साली त्याने ब्रेकच्या अस्तराचा उद्योग सुरू केला. डिस्क ब्रेकचे पेटंट लँचेस्टर या इंग्रज इंजिनियरने १९०२ साली घेतले. म्हणजे आज आपल्या चाकात बसलेल्या पॅडचे मूळ एका शेतकऱ्याच्या फाटक्या बुटात आहे. आपल्याला तो परका वाटायचे कारण नाही.

थोडा हिशेब

ब्रेक म्हणजे वेगाची उष्णता करणारे यंत्र. वेग दुप्पट झाला की थांबवायची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट लागते. चांगले ब्रेक, कोरडा डांबरी रस्ता आणि सावध चालक धरून साधारण हिशेब असा येतो : ताशी ४० कि.मी. वेगाला, पाय पेडलवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरून, गाडी सुमारे २१ मीटरवर थांबते. ताशी ८० ला हेच अंतर ६३ मीटरच्या घरात जाते. रस्त्यावर सांडलेले पाचट, चिखल किंवा पहाटेचे दव असेल तर याहून जास्त. पॅड संपलेला असेल तर मग हिशेबच करायला नको.

घाटाचाही हिशेब बघा. माणसे व सामान धरून ९०० किलोची मोटार ५०० मीटर उंची उतरून खाली आली, आणि सगळा वेग ब्रेकनेच आवरला, तर तेवढ्या उष्णतेत सुमारे १४ लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सगळी धग त्या चार चाकांत, विशेषतः पुढच्या दोन डिस्कवर, जाते. आंबा घाट, फोंडा घाट किंवा आंबोली उतरून कोकणात देवदर्शनाला जाणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे. ज्या गियरने घाट चढतो त्याच गियरने उतरावे, म्हणजे निम्मा भार इंजिनच घेते.

आपल्याकडे पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची खोड काहींना आहे. ज्या गाडीला ब्रेकचा बूस्टर आहे, त्याला जोर इंजिनच्या ओढीतून मिळतो. इंजिन बंद झाले की दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत तो जोर टिकतो. मग पेडल दगडासारखे घट्ट होते. त्यातून किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंगही लॉक होते. वाचलेल्या दहा-वीस रुपयांच्या पेट्रोलसाठी हा सौदा कुणी करू नये.

ब्रेक काय काय बोलतो

ब्रेक एकाएकी जात नाही. आधी बोलतो. त्याची भाषा अशी :

१. बारीक 'चीं' आवाज : पॅड संपत आला. काही पॅडना मुद्दाम एक पत्र्याची जीभ ठेवलेली असते, ती डिस्कला लागून ओरडते. क्वचित धुळीनेही आवाज येतो, पण ते चाक काढून ठरवावे, अंदाजाने नव्हे.

२. खर्रखर्र, लोखंड घासल्यासारखे : मसाला संपला. गाडी त्याच दिवशी गॅरेजला.

३. गाडी एका बाजूला ओढते : दुसऱ्या बाजूचा ब्रेक नीट धरत नाही. कॅलिपरची पिन जाम, पॅडला तेल लागलेले, किंवा टायरमध्ये हवा कमी-जास्त.

४. पेडल मऊ लागते, स्पंजासारखे : पाइपात हवा शिरली आहे किंवा तेल गळते आहे.

५. पेडल हळूहळू खाली बसत जाते : मास्टर सिलिंडरचे रबर गेले किंवा कुठे तरी गळती. अशी गाडी चालवूच नये.

६. ब्रेक मारताना पेडल व स्टिअरिंग थरथरते : डिस्क वाकडी-तिकडी झिजली.

७. एका चाकाजवळ जळका वास, हात जवळ नेला तर धग : पॅड सुटत नाही, चालताना घासतोच आहे.

८. बॉनेटखालच्या बाटलीतले ब्रेक ऑइल उतरते : पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो आणि तेलाची पातळी थोडी उतरते. नुसते वरून तेल ओतून मोकळे होऊ नका. पॅडही बघा.

पॅड कधी बदलावा?

कोणाचा पॅड २० हजार कि.मी. चालतो, कोणाचा ४० हजार. गावात सारखा ब्रेक मारणाऱ्याचा लवकर जातो. म्हणून किलोमीटरवर भरवसा न ठेवता दर ५ हजार कि.मी.ला चाक काढून डोळ्यांनी बघावे. लोखंडी पट्टी सोडून नुसता मसाला ३ मि.मी. उरला, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते जवळपास तेवढी जाडी राहिली, की बदलावा. बाहेरचा पॅड बघून समाधान मानू नका. आतला जरूर बघा. माझी फसगत तिथेच झाली. कॅलिपरची सरकती पिन चिखलाने जाम झाली की आतला पॅड एकटाच झिजत राहतो.

बदलताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे चारही पॅड एकदम बदलावेत. एका चाकाचे नवे आणि दुसऱ्याचे जुने ठेवले तर गाडी ओढणारच. एक बैल तरणा आणि एक म्हातारा जुंपला तर जू सरळ राहते काय?

काम कसे करतात

हाताला कसब असलेल्याने एकदा मिस्त्रीजवळ बसून काम बघावे, दुसऱ्यांदा त्याच्या देखरेखीखाली करावे आणि मगच स्वतः करावे. ज्यांनी करायचे नाही त्यांनीही क्रम माहीत करून घ्यावा, म्हणजे काम नीट झाले की नाही हे कळते.

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा, पहिला गियर टाका, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक लावा. नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली स्टँड द्या. विटा रचून त्यावर गाडी ठेवू नये, वीट एका क्षणात फुटते.

चाक काढल्यावर कॅलिपरचे मागच्या बाजूचे बोल्ट सोडवून तो अलगद बाहेर घ्या. रबरी पाइपावर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधून ठेवा. जुने पॅड कसे बसले होते ते नीट बघून ठेवा. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे अडले तर दुसरे चाक नमुन्याला असते.

आतली काळी धूळ तोंडाने फुंकू नका, हवेच्या नळीनेही उडवू नका. जुन्या काळच्या पॅडमध्ये व लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसाला घातक आहे. जुन्या गाडीत कोणता माल बसवला आहे ते आपल्याला माहीत नसते. ओल्या फडक्याने पुसावे आणि ते फडके टाकून द्यावे.

नवा पॅड जाड असतो, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याआधी तेलाची बाटली बघा. काठोकाठ असेल तर थोडे तेल काढून घ्या, नाही तर ते उतू जाते आणि रंग खाते. पिस्टन शिकंजाने सावकाश, सरळ दाबा. ठोकाठोकी नको. पिस्टनभोवतालचे रबर फाटले असेल किंवा ओल दिसत असेल तर तिथेच थांबून मिस्त्रीला बोलवा. कॅलिपर बाहेर असताना पेडलला कोणी पाय लावू नये, पोराटोरांना गाडीपासून दूर ठेवावे.

सरकत्या पिना स्वच्छ पुसून त्यांना ब्रेकसाठी मिळणारे ग्रीस बेताने लावा. बेअरिंगचे साधे ग्रीस तिथे चालत नाही. पॅडच्या मसाल्याला व डिस्कला मात्र तेल-ग्रीसचा थेंबही लागता कामा नये. तेलकट झालेला नवा पॅड टाकूनच द्यावा लागतो. डिस्कवर खोल रेघा असतील किंवा ती फार पातळ झाली असेल तर बदलावी.

सगळे बसवून बोल्ट घट्ट केले, चाक लावले, नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले, की एक गोष्ट विसरू नका. गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल सावकाश दाबत-सोडत राहा, ते घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेला असतो. पहिल्या दाबाला पेडल थेट खाली जाते आणि ब्रेक मुळीच लागत नाही. अंगणातून गाडी काढताना भिंतीवर घातल्याच्या कथा अशाच घडतात. शेवटी तेलाची पातळी बघा आणि चाकाचे नट थोडे चालवून आल्यावर पुन्हा एकदा आवळा.

नवे पॅड पहिले दोनेकशे किलोमीटर जपून वापरावेत. निकडीवाचून जोरात ब्रेक मारू नये. पॅड आणि डिस्क एकमेकांना रुळायला वेळ लागतो.

तेल आणि मागची चाके

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. पावसाळ्यात उघडी ठेवलेली गुळाची ढेप पाझरते, तसाच हा स्वभाव. डॉट-३ जातीचे ताजे तेल २०५ अंशांच्या पुढे उकळते. ओल शोषलेले तेल मात्र १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. घाटात डिस्क तापली की तेलात वाफ होते आणि पेडल रिकामे जाते. म्हणून दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलून पाइपातली हवा काढून घ्यावी. बाटलीच्या झाकणावर लिहिलेल्या जातीचेच तेल, सीलबंद डब्यातले, घ्यावे. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल त्यात घालू नये. रबरे फुगतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो.

पुढचे पॅड बदलताना मागचे ड्रमही उघडून शू, सिलिंडरची गळती आणि हँडब्रेकची केबल बघून घ्यावी. चढावर हँडब्रेक गाडी धरत नसेल तर तो ब्रेक नव्हे, नुसता दांडा.

शेवटी

पंधरा वर्षे झालेल्या खाजगी मोटारीची नोंदणी पुढे चालू ठेवायची तर आर.टी.ओ.कडे तपासणी होते आणि मग पाच वर्षांची मुदत मिळते. पण ती तपासणी पाच वर्षांतून एकदा, आणि ब्रेक आपण रोज लावतो. त्या दोन तपासण्यांमधली खरी तपासणी मालकानेच करायची असते.

तेव्हा सभासदांना विनंती, की हंगामाच्या तोंडावर बैलांच्या नाला आणि ट्रॉलीचे टायर जसे बघता, तसे एकदा मोटारीचे पुढचे चाक काढून आतला पॅड बघा. सकाळी गाडी सुरू केल्यावर, रस्त्याला लागण्यापूर्वी, एकदा पेडल दाबून बघायची सवय लावून घ्या. घरातल्या मुलांना आणि सुनांनाही ही खूण सांगून ठेवा, कारण आता गाडी त्याही चालवतात.

माझ्या त्या संध्याकाळच्या गाडीवानाला मी ओळखत नाही. पुढे काय घडता घडता राहिले हे त्याला कदाचित कळलेही नसेल. तो बैलांना हाकत काट्याकडे निघून गेला. आपल्या गाडीच्या पुढे असा कोणी ना कोणी चाललेलाच असतो. त्याच्याकरता तरी, आवाज आला की हंगाम संपायची वाट बघू नका.